अल्फा रोमिओ जूलिया जीटी : साठ वर्षांपूर्वीच्या इटालियन गाडीला लोक आजही 'अपग्रेड' का करत बसलेत?

१९६३ साली मिलानजवळच्या अरेझे गावातल्या नव्याकोऱ्या कारखान्यातून एक दोन दारांची गाडी बाहेर पडली. १५७० सीसीचं इंजिन, १०६ अश्वशक्ती, वजन साधारण साडेनऊशे किलो, मागे दोन माणसं पाय आखडून बसतील एवढी जागा आणि ताशी १८० किलोमीटरच्या पुढचा वेग. नाव होतं अल्फा रोमिओ जूलिया स्प्रिंट जीटी.

आज याच गाडीचा सांगाडा घेऊन इंग्लंडमधली एक कंपनी २४० अश्वशक्तीची गाडी तयार करते. इटलीतल्या एका कंपनीने तर इंजिन काढून टाकलं आणि त्या जागी मोटर आणि बॅटरी बसवून पाचशेच्या वर अश्वशक्ती काढली. दुसऱ्या टोकाला असेही मालक आहेत, ज्यांना बॉनेटखालचा एखादा नटसुद्धा नंतरचा निघालेला चालत नाही.

जुन्या गाड्यांच्या जगात हा वाद प्रत्येक गाडीवरून होतो. पण जूलिया जीटीच्या बाबतीत तो जास्त रंगतो. कारण या गाडीत फेरफार करायची सुरुवात कुठल्या गॅरेजवाल्याने केलेली नाही. ती खुद्द कंपनीनेच केली होती.

सरकारी कंपनीची स्पोर्ट्स कार

अल्फा रोमिओची सुरुवात १९१० साली मिलानमध्ये झाली. 'अल्फा' हा ग्रीक शब्द नाही. 'अनोनिमा लोंबार्दा फाब्रिका ऑटोमोबिली' या लांबलचक नावाची ती आद्याक्षरं आहेत. १९१५ मध्ये निकोला रोमिओ नावाच्या उद्योजकाने कंपनी हातात घेतली आणि पुढे त्याचं आडनाव कायमचं जोडलं गेलं.

ही कंपनी रेसिंगसाठी प्रसिद्ध होती. फेरारी ही गाडी जन्माला येण्याआधी एन्झो फेरारी अल्फाच्याच रेसिंग गाड्या सांभाळायचे. १९५० मध्ये फॉर्म्युला वनची जागतिक स्पर्धा सुरू झाली तेव्हा पहिली दोन्ही विजेतेपदं अल्फाच्या ड्रायव्हरांनी जिंकली. आधी निनो फारिना, मग हुआन मॅन्युएल फान्जिओ.

पण रेस जिंकून पोट भरत नाही. १९३३ पासून कंपनी इटालियन सरकारच्या 'इरी' या संस्थेच्या ताब्यात होती आणि महायुद्धानंतर तिला हजारोंच्या संख्येने खपेल अशी गाडी हवी होती. ती मिळाली १९५४ मध्ये, जूलिएत्ता स्प्रिंटच्या रूपाने. १२९० सीसीच्या या छोट्या गाडीचं इंजिन मात्र तेव्हाच्या महागड्या रेसिंग गाड्यांना शोभेल असं होतं. ब्लॉक आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियमचे, आणि वर दोन कॅमशाफ्ट. ओराझिओ सात्ता पुलिगा यांच्या हाताखालच्या इंजिनिअरांनी उभं केलेलं हे इंजिन लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

१९६२ मध्ये जूलिएत्ताची मोठी बहीण, चार दारांची जूलिया आली. दिसायला चौकोनी खोक्यासारखी, पण वाऱ्याला आश्चर्यकारकरीत्या कमी अडणारी. पुढच्याच वर्षी त्याच जूलियाचा तळ थोडा आखूड करून तिच्यावर दोन दारांची बॉडी चढवली गेली. तीच ही जीटी.

नाकावरची पायरी

बॉडीचं डिझाइन तोरिनोच्या बर्तोने स्टुडिओचं. ते काढणारे जोर्जेत्तो ज्युजारो तेव्हा जेमतेम पंचविशीचे होते. त्यांचं नाव ओळखीचं वाटलं नाही तरी त्यांचं काम भारतीयांनी रस्त्यावर पाहिलेलं आहे. फियाट उनो त्यांचीच, आणि देऊ मॅटिझही त्यांच्याच इटालडिझाइन या कंपनीच्या रेखाटनातून आलेली.

जूलिया जीटीच्या सुरुवातीच्या गाड्यांची एक खूण आहे. बॉनेटची पुढची कड खालच्या पत्र्यापेक्षा काही मिलिमीटर वर उचललेली असते, जणू दार नीट बंद व्हायचं राहून गेलंय. इटालियनमध्ये याला 'स्कालीनो' म्हणजे पायरी म्हणतात. नंतरच्या मॉडेलांमध्ये ही पायरी काढून टाकण्यात आली. आज मात्र जाणकार खरेदीदार आधी हीच पायरी शोधतो.

पत्र्याखाली काय होतं, हे त्या काळाशी ताडून पाहिलं तरच कळतं. मुंबईकरांना त्या पिढीची इटालियन गाडी चांगलीच माहीत आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००. १०८९ सीसी, चाळीसेक अश्वशक्ती, स्टीअरिंगला चिकटलेला चार गिअरांचा दांडा आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. याउलट १९६३ च्या जूलिया जीटीला पाच गिअर होते, चारही चाकांना डिस्क ब्रेक होते आणि वेबरचे दोन दुहेरी कार्ब्युरेटर होते, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतःची वेगळी वाट. मागचा अॅक्सल जुन्या पद्धतीचा, सलग एका दांड्याचा होता, पण त्याला पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आणि त्याची जागा पक्की धरून ठेवणारे दांडे दिलेले होते.

पुढच्या तेरा-चौदा वर्षांत मॉडेलं येत गेली. इटलीत इंजिन जितकं मोठं तितका कर जास्त, म्हणून १९६६ मध्ये १३०० सीसीची स्वस्त 'ज्युनिअर' आली आणि ती खूप खपली. मग १७७९ सीसीची १७५० जीटीव्ही आणि १९७१ मध्ये १९६२ सीसीची २००० जीटीव्ही, १३२ अश्वशक्तीची. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात उत्पादन थांबलं तोवर सगळ्या मिळून दोन लाखांहून जास्त गाड्या बनल्या होत्या. म्हणजे ही काही दुर्मीळ गाडी नव्हती. डॉक्टर, वकील, बऱ्या पगाराचा नोकरदार अशा लोकांची ती रोजची गाडी होती.

कारखान्यानेच केलेलं पहिलं अपग्रेड

१९६५ साली अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात अल्फाने एक जीटी ठेवली. दिसायला नेहमीसारखीच. पण लोहचुंबक लावला तर तो दारालाही चिकटत नव्हता आणि बॉनेटलाही नाही.

ही जीटीए. यातला 'ए' म्हणजे 'अलेज्जेरिता', हलकी केलेली. बाहेरचे पत्रे स्टीलऐवजी अॅल्युमिनियमचे, रिव्हेट मारून बसवलेले. चाकं मॅग्नेशियमची, इंजिनखालचं तेलाचं भांडं मॅग्नेशियमचं, काही खिडक्यांना काचेऐवजी प्लॅस्टिक. आवाज दाबणारी अस्तरं बरीचशी काढून टाकलेली. या सगळ्यातून वजन सुमारे दोनशे किलोंनी उतरलं आणि गाडी साडेसातशे किलोंच्या आसपास आली. गाडीतून तीन धडधाकट माणसं उतरवावीत, तसाच हा हिशोब.

इंजिन तेच १५७० सीसीचं, पण हेड नवं. प्रत्येक सिलिंडरला एकाऐवजी दोन स्पार्क प्लग. एकच प्लग असला की पेट एका ठिकाणाहून सुरू होतो आणि ज्योत सिलिंडरच्या दुसऱ्या कडेपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. दोन ठिकाणांहून पेटवलं की तीच ज्योत अर्धं अंतर कापते. इंधन लवकर आणि जास्त समान जळतं. रस्त्यावरच्या जीटीएला ११५ अश्वशक्ती मिळायची, तर रेससाठी तयार केलेल्या इंजिनातून १७० पर्यंत काढता यायची.

हा खटाटोप शौकापोटी नव्हता. टूरिंग कारच्या शर्यतीत उतरायचं तर तशीच गाडी ठराविक संख्येने ग्राहकांना विकावी लागायची. १६०० सीसीच्या सुमारे पाचशे जीटीए बनल्या त्या यासाठी. रेसिंगची जबाबदारी ऑटोडेल्टा या संस्थेकडे होती आणि तिचे प्रमुख होते कार्लो कीटी, फेरारीतून बाहेर पडलेले धिप्पाड इंजिनिअर. निकाल लगेच दिसला. १९६६ मध्ये अमेरिकेत सेब्रिंगची चार तासांची शर्यत योहान रिंट यांनी जीटीए चालवत जिंकली. त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षी युरोपियन टूरिंग कार स्पर्धेचं आपल्या गटातलं विजेतेपद आंद्रेया दे आदामिक यांना मिळालं.

कंपनी तिथेच थांबली नाही. १३०० सीसीची जीटीए आली. सुपरचार्जर बसवलेल्या मोजून दहा गाड्या निघाल्या. १७५० जीटीव्हीवरून रुंद चाकांची, फुगलेल्या मडगार्डची जीटीएएम तयार झाली. एकाच गाडीला हलकं करा, इंजिन वाढवा, पुन्हा रुंद करा, हे सगळं कारखान्याच्या पाठिंब्याने दहा वर्षांच्या आत होऊन गेलं होतं. त्यामुळे आज कुणी 'मूळ गाडीला हात लावू नका' म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, कुठल्या मूळ गाडीला?

एक इंजिन, चाळीस वर्षं

जुन्या गाडीला ताकदवान इंजिन बसवायचं तर सहसा वेल्डिंग, कापाकापी, नवे माउंटिंग असं सगळं आलं. जूलिया जीटीचं तसं नाही.

१९५४ च्या जूलिएत्तामधलं ते दोन कॅमशाफ्टचं इंजिन अल्फाने नव्वदच्या दशकापर्यंत बनवलं. १३००, १६००, १७५०, २०००, अशी त्याची आकारमानं वाढत गेली, पण घराणं तेच राहिलं. म्हणून १३०० ज्युनिअरमध्ये २००० जीटीव्हीचं इंजिन बसवणं हे या गाडीचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात सोपं अपग्रेड आहे. बोल्ट त्याच जागी येतात. बॉनेट बंद केलं की बाहेरून काही कळत नाही.

आतली रचनाही मदतीला येते. या इंजिनात पिस्टन ज्या नळकांड्यात फिरतो तो लाइनर ब्लॉकमध्ये ओतलेला नसतो, वेगळा काढता येतो आणि त्याच्याभोवती थेट पाणी खेळतं. लाइनर झिजले तर ब्लॉक फेकायचा नाही किंवा बोअर करायलाही न्यायचा नाही. जुने लाइनर-पिस्टन उपसून नव्या मापाचे घालायचे. थोडे मोठे घातले तर इंजिनाची सीसीही वाढते.

१९८७ मध्ये तर गंमतच झाली. अल्फाने आपल्या '७५' या सेडान गाडीत 'ट्विन स्पार्क' नावाचं २००० सीसीचं इंजिन दिलं. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, १४८ अश्वशक्ती. जीटीएची बावीस वर्षांपूर्वीची युक्ती आता साध्या सेडानमध्ये आली होती. आणि ब्लॉक त्याच घराण्यातला असल्यामुळे हे इंजिन साठच्या दशकातल्या गाडीत बसवता येत होतं. तेलाचं भांडं आणि पुढचं कव्हर जुन्या इंजिनाचं लावावं लागतं, बाकी बरंचसं जमून जातं. भंगारात निघालेली अल्फा ७५ ही अनेक वर्षं जूलिया जीटीच्या मालकांची खाण होती.

पण आधी गंज

अश्वशक्तीच्या गप्पा नंतर. जूलिया जीटी विकत घेणाऱ्याचा पहिला आणि सर्वांत मोठा खर्च पत्र्यावर होतो.

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. तळ, दारांखालच्या पेट्या, पुढचा-मागचा पत्रा हे सगळं एकत्र वेल्ड होऊन सांगाडा बनतो. दारांखालच्या पेट्या तर तीन थरांच्या. बाहेरचा थर चकचकीत रंगवलेला असतो आणि मधला आतल्या आत कुजलेला असू शकतो. साठच्या दशकात गंजरोधक प्रक्रिया नावालाच होती. पेट्यांच्या पोकळ्यांत पाणी आणि बर्फाळ रस्त्यांवरचं मीठ जाऊन बसायचं. त्याखेरीज जॅक लावायच्या जागा, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, पुढच्या काचेची चौकट आणि पायाखालचा पत्रा, हे नेहमीचे यशस्वी उमेदवार.

गंजलेल्या सांगाड्यात जास्त ताकदीचं इंजिन आणि कडक स्प्रिंग बसवले तर वळणावर स्प्रिंगऐवजी गाडीच पिळवटते. दार उघडलं की नीट बंद होत नाही, काचेला तडा जातो. म्हणून चांगला कारागीर सगळ्यात आधी गाडी पूर्ण सोलून पत्रा उघडा करतो, कुजलेला भाग कापून नवा वेल्ड करतो आणि रंग झाल्यावर पोकळ्यांमध्ये मेणासारखं गंजरोधक फवारतो. हे काम फोटोत दिसत नाही, पण सगळ्यात जास्त तास यातच जातात. खरं तर या गाडीचं सर्वांत मोलाचं अपग्रेड हेच म्हणायला हवं, कारण कारखान्याने जे कधी केलंच नव्हतं ते इथे होतं.

मग बदलतात काय?

रोज किंवा निदान दर रविवारी गाडी चालवणारे मालक सहसा विजेपासून सुरुवात करतात. जुन्या इग्निशनमध्ये 'पॉइंट' असतात. धातूचे दोन छोटे ठिपके, दर ठिणगीला उघडझाप करणारे. ते झिजतात, त्यांच्यातलं अंतर बदलतं आणि गाडी अडखळायला लागते. जुन्या स्कूटरचा पॉइंट सँडपेपरने घासून साफ केलेल्या वाचकांना हे सांगायला नको. डिस्ट्रिब्युटरच्या आत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवली की ही कटकट संपते आणि बाहेरून डिस्ट्रिब्युटर जुनाच दिसतो. हेडलाइटचा पूर्ण करंट जुन्या स्विचमधून जाऊ नये म्हणून रिले लावतात. पंख्याचंही तसंच, ट्रॅफिकमध्ये इंजिन तापू नये म्हणून विजेवरचा पंखा.

मग ब्रेक. सुरुवातीच्या गाड्यांत डनलॉप कंपनीचे डिस्क होते, पुढे जर्मन आटे कंपनीचे आले आणि ते जास्त भरवशाचे निघाले. जुन्या गाड्यांत ब्रेक ऑइलची वाट एकच, म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. नंतरच्या मॉडेलांमध्ये कंपनीनेच दोन वेगळ्या वाटा दिल्या. त्यामुळे जुन्या गाडीला नंतरच्या मॉडेलची ब्रेक व्यवस्था बसवण्यावर फारसं कुणी भांडत नाही.

सस्पेन्शनमध्ये स्प्रिंग, शॉक अॅब्जॉर्बर, रबरी बुश आणि गाडी वळणावर झुकू नये म्हणून जाड अँटी-रोल बार. इथे अतिरेक सहज होतो. ही गाडी मुळात मऊ होती. ती वळणावर बऱ्यापैकी झुकायची, पण अरुंद टायरांवर काय चाललंय ते ड्रायव्हरला स्टीअरिंगमधून नीट कळायचं. रुंद टायर आणि दगडी स्प्रिंग घातले की पकड वाढते आणि नेमका तो संवाद बंद होतो. या गाडीवर वर्षानुवर्षं काम केलेले लोक म्हणूनच सगळं एकदम बदलू नका, एकेक बदलून चालवून पाहा असं सांगतात.

गिअरबॉक्सबद्दल फक्त एक गोष्ट. थंड गाडीत दुसरा गिअर टाकताना दात खरवडल्याचा आवाज आला तर ही गाडी ओरिजिनल आहे, असं मालक गंमतीने म्हणतात. दुसऱ्या गिअरचा सिंक्रो हे तिचं जुनंच दुखणं आहे.

अपग्रेड म्हणून केलेला एक बदल तर अनेकांनी नंतर उलटा फिरवला. अमेरिकेतल्या प्रदूषणाच्या नियमांसाठी तिथल्या गाड्यांना स्पिका कंपनीचं यांत्रिक फ्युएल इंजेक्शन दिलेलं होतं. मेकॅनिकांना ते कळेना. म्हणून असंख्य मालकांनी ते उपटून फेकलं आणि वेबर कार्ब्युरेटर लावले. नंतर जाणकारांच्या लक्षात आलं की नीट ट्यून केलेलं स्पिका इंजेक्शन उत्तम चालतं. रेसमधल्या जीटीएएमवर तर तेच होतं. आता तेच पंप शोधून, दुरुस्त करून पुन्हा बसवले जातात. जुने पंप ज्यांनी माळ्यावर जपून ठेवले होते ते सुटले. भंगारात घातलेल्यांना आता खिसा हलका करावा लागतो.

रेस्टोमॉड : जुना चेहरा, नवं अंग

गेल्या दीड-दोन दशकांत या सगळ्याचा मोठा धंदा झाला. 'रेस्टोमॉड' म्हणजे गाडी जुनी दिसेल अशी पूर्ववत करायची, पण आत सगळं नवं घालायचं.

जूलिया जीटीच्या बाबतीत इंग्लंडमधली अल्फाहोलिक्स ही कंपनी यात सगळ्यात नावाजलेली. तिच्या 'जीटीए-आर २९०' या गाडीत ट्विन स्पार्क इंजिनच वाढवून २.३ लिटरचं केलेलं आहे. २४० अश्वशक्ती आणि वजन ८३० किलो. एक टन वजनामागे २९० अश्वशक्ती असा हिशोब होतो, म्हणून नावात २९०. विशेष म्हणजे इंजिन अल्फाच्याच घराण्यातलं आहे आणि वजन कमी करण्याची पद्धतही १९६५ च्या कारखान्याचीच, फक्त साहित्य आजचं. बघणाऱ्याला ती जीटीएची नात वाटते.

इटलीतल्या टोटेम ऑटोमोबिली या कंपनीची विजेवरची जीटी ही याच्या पलीकडची गोष्ट आहे. सुमारे ५० किलोवॅट-तासाची बॅटरी, पाचशेहून जास्त अश्वशक्ती, कार्बन फायबरची बॉडी. मूळ गाडीच्या सांगाड्याचा जेमतेम दहा टक्के भाग यात उरतो, असं कंपनीनेच सांगितलं होतं. म्हणजे कागदावर ती जुनी जूलिया, पण हात लावायला जुना पत्रा जवळपास नाहीच. ती गाडी सुंदर आहे यात शंका नाही. तिला अपग्रेड म्हणायचं की जुन्या नंबरावर उभी केलेली नवी गाडी, हा प्रश्न मात्र उरतो.

तो प्रश्न नुसता वादासाठी नाही. प्रत्येक रेस्टोमॉडसाठी एक खरी जूलिया खर्ची पडते. दोन लाखांहून जास्त बनल्या असल्या तरी गंजाने आणि भंगारवाल्यांनी त्यातल्या कितीतरी आधीच संपवल्यात. सुरुवातीला बांधकामासाठी कुजलेल्या, कुणालाच नको असलेल्या गाड्या घेतल्या जायच्या. रेस्टोमॉडला चांगला भाव मिळू लागला तशा बऱ्या स्थितीतल्या ज्युनिअरही कापल्या जाऊ लागल्या.

'मूळ' कशाला म्हणायचं?

जुन्या गाड्यांच्या संघटनांची 'फिवा' ही आंतरराष्ट्रीय महासंस्था १९६६ पासून काम करते. तिने २०१२ मध्ये तोरिनो इथे एक सनद मंजूर केली. जुन्या इमारती आणि चित्रं जपताना जी तत्त्वं पाळतात, तीच यात गाडीला लावलेली आहेत. गाडीचं सगळं आयुष्य हा तिचा इतिहास. जुना रंग, जुनी दुरुस्ती, त्या काळात केलेला बदल, यांनाही मोल आहे. आजच्या रस्त्यावर सुरक्षित राहण्यासाठी काही बदलावंच लागलं तर ते नजरेत न भरणारं आणि शक्यतो परत फिरवता येणारं असावं. काढलेला मूळ भाग गाडीसोबत जपावा.

या कसोटीवर आधीची सगळी अपग्रेड वेगवेगळी पडतात. इलेक्ट्रॉनिक इग्निशन एका दुपारी काढता येतं. २००० सीसीचं इंजिन काढून १३०० चं पुन्हा बसवता येतं, अट एवढीच की ते विकलेलं नसावं. पण रुंद चाकांसाठी मडगार्ड कापलं, बॅटरीसाठी तळ कापला, की परतीचा रस्ता बंद.

याच्या जोडीला नकलीचा बाजार आहे. खऱ्या जीटीएची किंमत साध्या जीटीच्या कित्येक पट असते. त्यामुळे साध्या गाडीला अॅल्युमिनियमचे पत्रे आणि दोन प्लगचं हेड लावून जीटीए बनवणारे भरपूर. 'ही प्रतिकृती आहे' असं सांगून विकली तर त्यात गैर काही नाही, उलट खरी जीटीए शर्यतीत ठोकण्यापेक्षा ते शहाणपणाचं. अडचण तेव्हा येते जेव्हा अशी गाडी दोन-तीन मालकांच्या हातून फिरते आणि वाटेत 'प्रतिकृती' हा शब्द गळून पडतो. अशा वेळी चेसिस नंबर आणि कारखान्याच्या जुन्या नोंदी यांचाच आधार राहतो. लोहचुंबकाची युक्ती कधीच निकामी झालेली आहे.

ज्या अरेझेच्या कारखान्यात या गाड्या बनल्या तोही आता नाही. अल्फा रोमिओ १९८६ मध्ये सरकारकडून फियाटकडे गेली आणि पुढे अरेझेमधलं उत्पादन बंद पडलं. तिथल्या जमिनीच्या एका भागावर २०१६ मध्ये भलामोठा मॉल उघडला. कंपनीचं संग्रहालय मात्र त्याच आवारात आहे.

भारतात असं काही करता येईल का?

अल्फाची ही गाडी भारतात कधी अधिकृतपणे विकली गेली नाही. पण नियमांचा प्रश्न पद्मिनी, अँबॅसिडर किंवा जुन्या जीपवाल्यालाही तोच लागू पडतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी मोटार वाहन नियमांत बदल केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, बाहेरून आयात केलेलीसुद्धा. तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते. पहिल्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षांची. ती प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं किंवा दुरुस्ती यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोज ऑफिसला नेता येत नाही.

आणि अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे इग्निशनचे पॉइंट बदललेली जूलिया इथे चालून जाईल, ट्विन स्पार्क इंजिनाची अडेल आणि विजेवरची तर दारातूनच परत जाईल.

व्हिंटेज नोंदणी नको, साध्या आरसी बुकावरच फेरफार करू, असं म्हणाल तर तिथे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीने ठरवून दिलेल्या तपशिलाहून वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाच्या आधारे स्पष्ट केलं. जुन्या गाडीला विजेची मोटर बसवायची तर पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने मंजूर केलेलंच किट लागतं आणि बदलाची नोंद आरटीओत करून घ्यावी लागते.